पान नंबर एक

"पोलीस रिपोर्ट मी दिलाय. तुम्ही म्हणताय मिळाला नाही. मग गेला कुठं तो?"

कांबळे काकू माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटली. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून त्या आमच्या वारज्याच्या ऑफिसात आल्या होत्या. हातात मीच सही करून पाठवलेलं पत्र होतं. क्लेम नामंजूर. कारण, पोलीस रिपोर्ट जोडलेला नाही.

मी एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात क्लेम बघते. आमच्या काही कार्डांवर एक विमा असतो आणि तो आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. कार्डावर घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत चोरीला गेली, अगदी परदेशात गेली तरी, भरपाई मिळते. त्यासाठी दुकानाचं बिल लागतं, कार्डाचं स्टेटमेंट लागतं आणि जिथे चोरी झाली तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट लागतो. रिपोर्ट नसेल तर विषय संपला.

काकूंनी सिंगापूरच्या टूरमध्ये एक छोटा स्क्रीन घेतला होता. छापील कागदावर धरला की अक्षरं बोटाएवढी दिसतात. त्यांच्या मिस्टरांची नजर अधू झालीय. वर्षभर त्यांनी पेपर हातात घेतला नव्हता. दुसऱ्याच दिवशी हॉटेलच्या लॉबीतून तो स्क्रीन पिशवीसकट गेला. पेन्शनमध्ये दुसरा घेणं काकूंना जमणार नव्हतं.

"काकू, बसा ना. मी फाईल पुन्हा बघते."

"बघाच."

चाळीस पानं होती, कोपऱ्यात भोक पाडून टॅगने नीट बांधलेली. वर अर्ज, मग बिल, स्टेटमेंट, टूरचं वेळापत्रक, पासपोर्ट, व्हिसा. मागच्या वेळी मी व्हिसापाशीच थांबले होते. खाली विमानाची तिकिटं असणार, असं मी आपलं धरून चालले होते.

"पान नंबर एक काढा."

मी सगळ्यात वरचं पान उघडलं.

"ते चाळीस आहे," काकू म्हणाल्या. "अहो मॅडम, फाईल खालून लागते. पहिला लावलेला कागद तळाशी, पुढचे त्याच्यावर. तीस वर्षं सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळलीय मी. अर्जातसुद्धा लिहिलंय, पोलीस रिपोर्ट पान एक ते तीन."

खरंच लिहिलं होतं. मी पानं उलटी करून तळ गाठला. रिपोर्ट तिथे होता, शिक्क्यासकट, वेळेसकट. सिंगापुरात टूर मॅनेजर बस सुटेल म्हणून मागे लागला होता. पोच मिळाल्याशिवाय पोलीस चौकीतून हलणार नाही, असं काकूंनी त्याला सांगितलं होतं.

"चूक माझी आहे, काकू."

"ते दिसतंय. पुढं काय?"

पुढे रानडे सर, म्हणजे माझे बॉस. नामंजूर केस पुन्हा उघडायची तर विमा कंपनीला लेखी कारण द्यावं लागतं, आणि त्याच महिन्यात माझं अप्रेझल होतं.

"रिपोर्ट नंतर मिळाला असं लिही," सर म्हणाले. "तुझं नाव येणार नाही."

"मग कागद उशिरा आले म्हणून क्लेम मुदतीबाहेर जाईल, सर."

सरांनी पेन उचललं. "बरं. खरं काय ते लिही. खाली मीही सही करतो. दोघं असलो की ओरडा वाटून घेता येतो."

ओरडा बसला. अप्रेझलही जेमतेमच झालं. पण सरांनी त्या दिवशी सही केली, हे मी विसरलेले नाही. काकूंचे उपकार तर त्याहून मोठे. त्यांना वरपर्यंत तक्रार करता आली असती आणि ती बरोबरच ठरली असती. त्यांनी फक्त चूक कबूल केलेल्या माझ्या पत्राची एक प्रत मागितली, शिक्का मारून.

क्लेम मंजूर झाला. महिन्याभरात एक फोन आला.

"मी कांबळे बोलतोय. मिसेसनी नवा स्क्रीन आणलाय. तुमचं मंजुरीचं पत्र वाचलं, मागच्या अटींसकट. चार दिवस लागले. आपले आभार मानायचे होते."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आणि एक शंका होती," ते म्हणाले. "अट क्रमांक अकराचा अर्थ काय?"

मी त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि नोकरीत पहिल्यांदाच अट क्रमांक अकरा वाचायला घेतली.