ओढ्याकाठी कुसुम एकटी नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे बसते तेव्हाही हा विषय चुकवते. तुला सांगतेय — कसं सांगू तेच कळत नाहीये.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पार्ल्यात आमच्या शेजारच्या खोलीत कुसुम राहायची. आईवडील नव्हते, काका-काकूंनी वाढवलेली. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात. हुशार ती — मी नव्हे. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

त्या जानेवारीत चाळीतली बिऱ्हाडं बोरिवलीच्या जंगलात सहलीला गेली. आमच्या कॉलेजातला श्रीधरही येणार होता — आमच्याबरोबर नाही, आपला आपला. मला भेटायला. हो, मलाच. तेव्हा मुलाशी नुसतं बोलताना दिसलं तरी मुलीची वाट लागायची.

जेवणं झाल्यावर आवळे वेचायच्या निमित्तानं आम्ही दोघी पायवाटेनं निघालो. ओढ्याच्या वरच्या वळणावर कुसुम पहाऱ्याला थांबली. "दहाच मिनिटं हं, शालू. कुणी आलं तर मी खोकेन."

खाली ओढ्याकाठी श्रीधर काय बोलला, आठवत नाही. पान वाजलं तरी मी दचकत होते.

मग वरून कुसुमचं खोकणं — ठरलेली खूण. श्रीधर ओढा ओलांडून पळाला. मी बांबूंच्या बेटामागे दडले. मी वर येत नाही म्हणून कुसुम धावत खाली आली, आणि तिच्यामागोमाग तिचे काका. त्यांना दिसली ती पलीकडच्या झाडीत शिरणारी एका पुरुषाची पाठ, आणि ओढ्याकाठी कुसुम.

"कोण होता तो?"

बांबूंकडे एकदाही बघितलं नाही तिनं. माझ्या साडीचा काठ तिला दिसत नसेल का?

काकांनी तिच्या थोबाडीत मारली. तेव्हा तरी मी पुढे यायला हवं होतं ना? मी वळसा घालून आले — ओच्यात आवळे घेऊन, जशी काही आत्ताच पोहोचतेय.

"तू हिच्याबरोबर होतीस ना? कोण होता?"

"मला नाही माहीत, काका. मी तिकडे आवळे वेचत होते." इथे थांबले असते तरी — पण नाही थांबले. "तीच म्हणाली, तू जा पुढे."

हे मला कुणी विचारलंही नव्हतं.

कुसुमचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं, आणि मला धास्ती कसली — तर ती खरं बोलून टाकेल याची. ती बोलली नाही. उन्हाळ्यात तिला धुळ्याकडच्या एका बिजवराला दिली. दोन मुलांचा बाप होता तो.

दोन वर्षांनी श्रीधरचं स्थळ मला रीतसर सांगून आलं. लग्न झालं. "त्या दिवशी मागे काही झालं नाही ना?" त्यांनी एकदा विचारलं होतं. "काही नाही," म्हटलं मी. ते जाईपर्यंत त्यांना तेवढंच ठाऊक होतं.

कुसुम एकदाच भेटली, काकूंच्या दिवसांना आली होती तेव्हा. केस पिकलेले, हात खरखरीत. जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "सुखात आहेस ना गं?"

मी हो म्हटलं. ते मात्र खरं होतं.