रांगेतली मोकळी जागा

मोठ्या सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथे माणसाच्या डोक्याच्या आतले फोटो काढणारं मशीन आहे, तिथे एक खिडकी आहे. ती सकाळी उघडते, मोजकी टोकनं वाटते आणि धाडकन बंद होते. टोकनावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. ज्याच्या हातात टोकन, त्याचा त्या दिवशी नंबर. बाकीच्यांनी उद्या यायचं, आणि उद्या म्हणजे पुन्हा उजाडायच्या आत. ही सोय ज्या कुणी हुशार माणसाने लावली, त्याने नकळत एका माणसाचं पोट भरून दिलं. त्या माणसाला सगळे नंबरकाका म्हणायचे.

काकांचा धंदा म्हणजे उभं राहणं. आजाऱ्याच्या घरच्यांना अंधारात येऊन ताटकळणं जमत नाही, म्हणून त्यांच्याऐवजी काका उभे. हसू नका. पायांच्या शिरा फुगेपर्यंत, थंडीत, उन्हात, लघवी दाबून उभं राहून बघा, मग हसा. काकांच्या जोडीला दोघं होती. एक पूर्वी पंखे दुरुस्त करायचा, तो पंखेवाला. दुसरी एक मावशी. कुणाची मावशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकी एका माणसाला दोन टोकनं द्यायची. मजुरी ठरलेली, श्रीमंताला तीच आणि गरिबाला तीच.

आणि त्यांची एक रीत होती. मावशीचं दुसरं टोकन विकायचं नाही. खिडकी उघडायच्या आधी मावशी रांगेच्या शेंड्यापासून शेपटापर्यंत एक फेरी मारायची, तोंडं बघायची, आणि ज्याची दशा सगळ्यांत वाईट त्याच्या हातात ते टोकन ठेवायची. पैसा घ्यायची नाही. मजुरीचे तीन भाग व्हायचे, त्यात हे नुकसान तिघांनी मिळून सोसायचं. ह्याला ते मोकळी जागा म्हणायचे. कधी सुरू झाली, कुणी सुरू केली, कुणी विचारलं नाही. श्वास घेताना कुणी विचारतं का?

काकांची एकुलती एक लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिला बाजाराचं शास्त्र शिकायचं होतं. मागणी, पुरवठा, किंमत कशी ठरते, असलं सगळं. ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला शिकवलं की आपल्याला पक्कं येतं, असं तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. घरात असा माणूस आयता तयार होता.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी बसायची. काका पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसायचे आणि लेक समोर रेघा ओढायची.

"बाबा, केळी महाग झाली तर लोक काय करतील?"

"कमी घेतील. नाहीतर पेरू घेतील."

"आणि तुमचं टोकन महाग झालं तर?"

काका विचारात पडले. त्यांना आजवर कुणी त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारलाच नव्हता. "तेवढीच घेतील," ते म्हणाले. "रडत घेतील, पण घेतील."

लेकीने टाळी वाजवली. "म्हणजे मागणी ताठर! भाव वाढला तरी वाकत नाही. पुस्तकात मिठाचं उदाहरण आहे, तुमचं त्याच्याहून भारी आहे."

चुलीपाशी उभी असलेली काकू मागे न बघता म्हणाली, "ताठर कसली? माणसं टेकीला आलीत म्हण की."

"आई, पुस्तकात असं लिहीत नाहीत गं."

काका मात्र त्या शब्दावर लट्टू झाले. जन्मभर पायांवर जगलेल्या माणसाला आपल्या डोक्याचाही उपयोग होतो हे उतारवयात कळलं, की तो कसा हरखतो! बादलीतलं पाणी गार झालं तरी ते उठेनात. दुसऱ्या संध्याकाळी संधीखर्च आला. एखादी गोष्ट केली म्हणजे तिच्यापायी दुसरी जी सोडली, ती तिची खरी किंमत. "जगात फुकट काही नसतं, बाबा," लेक म्हणाली. "फुकट दिसतं, तिथे कुणीतरी किंमत मोजत असतं."

काकांनी बादलीतून पाय काढले. त्यांना मावशीचं दुसरं टोकन आठवलं होतं.

त्या आठवड्यात काकांनी ठरलेली मजुरी मोडली. शेवटचं टोकन जो जास्त बोलेल त्याला. पहिल्या दिवशी त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, दुसऱ्या दिवशी जरा कमी तापल्या, पुढे सवय झाली. फक्त एक अडचण होती. मागे वळून बघितलं की समोर तोंडं दिसायची. कुणाच्या मांडीवर मान टाकलेलं पोर, कुणाची सुजलेली म्हातारी. मग काकांच्या तोंडून आपोआप कमी आकडा निघायचा. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला: नजर खिडकीवर ठेवायची, मागे वळायचं नाही, फोन बंद ठेवायचा. नाकासमोर चालणारी माणसं पुष्कळ असतात. नाकासमोर उभा राहणारा हा एकच.

मग त्यांनी मोकळी जागा बंद करायचा विषय काढला. मावशीने सगळं ऐकून घेतलं. संधीखर्च, समतोल, सगळं.

"तुझ्या लेकीने शिकवलं?" तिने विचारलं.

"हो."

"हुशार आहे पोरगी. देव करो आणि तिला कधी रांगेत शेवटी उभं राहायची पाळी न येवो." एवढं बोलून मावशीने आपली पाण्याची बाटली उचलली आणि ती गेली ती परत आली नाही. पंखेवाला दोन दिवस काकांशी बोलला नाही, पण पैसे घेताना त्याने हात मागे घेतला नाही. मावशीच्या जागी काकांनी एक पोटाला चिमटा बसलेला माणूस आणला. त्याला सगळे नवा म्हणत. नवा रांगेत आपली पिशवी ठेवायचा आणि मागपर्यंत फिरून कोण किती बोलतं ते काकांच्या कानात सांगायचा.

मोकळी जागा बंद झाल्याचं लोकांना लवकर कळलं नाही. गावोगावी तिची ख्याती होती. लोक येत आणि नव्याच्या गळ्यात पडत. मी मावशीची भाची, मी काकांच्या गावची, मी त्यांच्या घरची. पहिले काही दिवस काका चरकायचे. मग हसायला लागले. "आज किती नातेवाईक?" ते नव्याला विचारायचे.

इकडे काकूचं डोकं दुखत होतं. आधी चष्म्यावर घातलं, मग झोपेवर. मग एक दिवस तिच्या हातातून कप पडला आणि ती त्याच्या तुकड्यांकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणी पाडला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि चिठ्ठी लिहून दिली. डोक्याचा फोटो काढायचा, ह्याच आठवड्यात.

"पोरीला सांगू नका," काकू म्हणाली. "तिची परीक्षा होऊ दे."

"सोमवारी करू," काका म्हणाले. "सोमवारी भाव पडलेला असतो." रविवारी घराघरांत माणसं जमतात, चर्चा करतात आणि मंगळवारी येतात. हे काकांचं स्वतःचं संशोधन. म्हणजे बायकोला टोकन सोमवारी दिलं, तर नुकसान सगळ्यांत कमी. हिशेब चोख होता. हाच माणूस लग्नानंतर बायकोला ताप आला तेव्हा तिला पाठीवर घेऊन पुलापलीकडच्या दवाखान्यात गेला होता, हे मी मुद्दाम सांगतो. तो वाईट नव्हता. त्याला नवी नवी विद्या आली होती.

सोमवार आला, आणि त्याआधीच शहरातलं दुसरं मशीन, खाजगी दवाखान्यातलं, बंद पडलं. पुरवठा निम्म्यावर. सगळी गर्दी काकांच्या खिडकीवर लोटली. असला भाव काकांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. घरी येऊन ते काकूजवळ बसले. "पुढच्या सोमवारी नक्की. ते मशीन सुरू होईल, भाव उतरेल."

"होऊ दे हो. मी काय पळून जातेय?" काकू म्हणाली. तिने त्यांच्याकडे बघितलं, पण नजर त्यांच्या खांद्याशेजारी कुठेतरी पडली. काकांनी ते मिणमिणत्या दिव्यावर घातलं.

शुक्रवारी लेकीचा पेपर होता. अंधारात निघताना काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुटलीस की तडक खिडकीवर ये. काय काय लिहिलंस ते सांग." काकू कुशीवर झोपली होती. तिला उठवायला नको म्हणून ते चपला हातात घेऊन बाहेर पडले.

रांग त्या दिवशी इमारतीला वळसा घालून पलीकडे गेली होती. काकांचं तोंड खिडकीकडे. पंखेवाल्याची आणि नव्याची टोकनं आधीच ठरलेली होती, काकांचं पहिलंही एका घरी ठरलेलं होतं. दुसऱ्यावर बोली चढत होती. नवा फिरून फिरून घामाघूम झाला होता.

"इस्त्रीच्या शर्टवाला सगळ्यांच्या वर आहे," तो कानात म्हणाला. "आणि मागे कोपऱ्यावर एक बाई आहे. भिंतीला धरून उभी आहे. पैसे नाहीत म्हणते. नंबरकाकांना सांगा, ते देतील म्हणते."

"काय होतंय तिला?"

"ओकतेय. दिसत नाही म्हणते." नवा दात काढून हसला. "आणि घरचीच आहे म्हणते."

काकांची मान हलली. अगदी जराशी, खांद्यापर्यंत. काकू आजवर कधी ह्या खिडकीवर आली नव्हती. तिला हा धंदाच आवडत नव्हता, तिथे मी पाऊल टाकणार नाही, असं ती पहिल्यापासून म्हणायची. आणि आज सकाळपासून हे तिसरं घरचं माणूस होतं. मान पुन्हा सरळ झाली.

"आज सगळेच घरचे," काका म्हणाले. "मोकळी जागा बंद झाली म्हणून सांग तिला."

नवा गेला. खिडकी उघडली. काकांनी दोन टोकनं घेतली, एक दिलं, दुसरं विकलं. इस्त्रीच्या शर्टवाल्याने पैसे मोजलेसुद्धा नाहीत, काकांच्या मुठीत कोंबले आणि आत धावला. थोड्या वेळात खिडकी धाडकन बंद झाली. आता वळायला हरकत नव्हती. काका वळले.

रांग मोडत होती. लोक आपापल्या आजाऱ्यांना उचलत होते. काका पाय मोकळे करायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्यांना भिंतीशी बसलेली एक बाई दिसली. अंगावर काकूची हिरवी शाल. तिला घेऊन आलेली शेजारीण पाणी आणायला धावली होती.

"कोण?" काकूने विचारलं. ते अगदी समोर उभे होते.

"मी. अगं, मी."

"आलात? मी निरोप पाठवला होता." तिचा आवाज जड झाला होता, शब्द एकमेकांना चिकटत होते. "तो म्हणाला, बंद आहे. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. आज सोमवार कुठे आहे?"

काका धावले. ते पाय इतक्या वर्षांत कधी धावले नव्हते. मशीनच्या दाराशी त्यांनी इस्त्रीच्या शर्टवाल्याला गाठलं आणि पैसे त्याच्या छातीशी धरले. "हे घ्या. ह्याच्या दुप्पट देतो. घर विकून देतो. टोकन परत द्या, माझी बायको आहे."

त्या माणसाच्या मागे चाकांच्या खाटेवर त्याचा मुलगा होता. शर्टवाला चिडलासुद्धा नाही. "काका," तो म्हणाला, "तुम्ही काहीही बोला, मी हे विकणार नाही." त्याच्यापुढे हात जोडावेत की पाय धरावेत, हे काकांना कळेना. त्यांनी दोन्ही केलं. दार लागलं. पंखेवाला बंद खिडकीवर मुठी आपटत होता. आत कुणी नव्हतं.

तातडीच्या विभागातल्या माणसांनी काकूला खाटेवर घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं, फोटो कुठे आहे? आठवड्यापूर्वीची चिठ्ठी आहे ना ही? मग का नाही काढला? काकांनी नोटांची मूठ पाठीमागे लपवली. मशीन भरलेलं आहे, मधे घुसवता येतं का बघते, असं म्हणून बाई पळाल्या. खाट आत गेली, पडदा ओढला गेला. काकूने जाता जाता हवेत हात फिरवला. काकांना तो धरता आला नाही, हिरवी शाल तेवढी त्यांच्या हातात राहिली.

बसायला जागा शोधत काका पुन्हा खिडकीपाशीच आले. तिथेच ते बसले, पहिल्यांदाच, रांगेच्या जागी खाली जमिनीवर, तोंड बाहेरच्या बाजूला करून. मुठीत अजून नोटा होत्या. घामाने त्यांचा गोळा झाला होता.

फाटकातून लेक धावत येताना दिसली. तिला घरचं काही कळलं नव्हतं. चेहरा फुललेला, श्वास लागलेला.

"बाबा! पेपर मस्त गेला. संधीखर्चावरच मोठा प्रश्न आला, स्वतःचं उदाहरण द्या म्हणून. मी तुमची मोकळी जागा लिहिली."

काकांनी वर बघितलं.

"काय लिहिलंस?"

"हेच, की ती कधीच फुकट नव्हती. कुणीतरी तिची किंमत मोजत होतं." ती त्यांच्याशेजारी बसली आणि तिने हसत हसत त्यांची मूठ उघडायला घेतली. "बाबा, तुम्ही खाली का बसलात? आणि आईची शाल तुमच्याकडे कशी?"