मरीमाय गेल्यावर पंचफुला

पंचफुला, तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, कारण तुला शिकवण्याचं काम सरकारनं मलाच दिलं होतं आणि ते मी केलं नाही. तरी लिहिते. परवा माझी नात सांगत होती, हल्ली मन मोकळं करायला वेळ ठरवून तज्ज्ञाकडे जातात म्हणे. मी म्हटलं, आमच्या एका बाईचं हे काम पुनवेला व्हायचं. पोरगी हसली. मला हसू आलं नाही. तुझी गोष्ट तुलाच सांगते. त्यातली ग्रामसेविका शोभाबाई म्हणजे मीच. पण ‘मी’ म्हटलं की माणूस स्वतःची बाजू सावरायला लागतो, म्हणून तिलाही नावानंच बोलावते.

पवनारच्या खालच्या अंगाला धाम नदीकाठी ते गाव. शोभाबाई तिथं पंचावन्न साली आली. नागपूरची बी. ए., सायकलवर बसणारी, बिनधुराच्या चुली बसवणारी. गावच्या अडाणीपणाचा तिला मनापासून राग होता, आणि तो राग म्हणजेच आपलं शिक्षण असं तिला वाटे.

कापूस फुटलेल्या दिवसांत एका सकाळी ती लहानूच्या घरी चुलीची जागा पाहायला गेली. लहानूची बायको पंचफुला मांडीवर वर्षाची पोर घेऊन बसली होती. पोरीच्या अंगात पिवळं झबलं होतं. कापड शोभाबाईच्याच शिवणवर्गातलं. शोभाबाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ताप आहे. दवाखान्यात न्या.”

“बाई, कापूस वेच्याले कोण जाईन? तू?” सासू मनकर्णाबाई दारातून ओरडली. “पोर मी पाह्यतो. ऊठ वं, टोपलं घे!”

पंचफुला वेच्याला गेली. शोभाबाई पुढच्या चुलीकडे गेली. दिवस मावळायच्या आत पोर गेली.

त्या घरात त्यावर पुन्हा शब्द निघाला नाही. पंचफुलानं तोंड उघडलं की नवरा म्हणे, “झालं ते झालं.” मग पुढच्या पुनवेला तिच्या अंगात मरीमाय आली. केस सुटले, हातात कडुनिंबाचा डहाळा, आणि सगळ्या मोहल्ल्यासमोर तिनं सासूला विचारलं, “तापलेलं लेकरू टाकून मायले वेच्याले कोणं धाडलं?” मनकर्णाबाई, जी कोणाच्या बापाला भीत नव्हती, ती सुनेच्या पायावर आडवी पडली. “चुकलं माय, माफी दे.” पंचफुला त्यानंतर दोन दिवस झोपली आणि उठून कामाला लागली. तीन-चार महिने नीट जात. पुन्हा पुनव, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच माफी.

छप्पन साली सगळा मोहल्ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पंचफुलाही गेली, पांढरं लुगडं नेसून, कोणी ओढून नेलं नव्हतं. परतल्यावर घरातली मरीमाय तिनं स्वतःच्या हातानं धामेत सोडली. चांगलंच केलं. ते चूक होतं असं म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. पण तिच्याबरोबर नदीत आणखी काय काय वाहून चाललं आहे, याचा हिशेब कोणाच्याच डोक्यात आला नाही.

दुसऱ्या वर्षी रविवारच्या वंदनेला मेणबत्ती लावली की पंचफुला थरथरायला लागली. मोहल्ल्याच्या कमिटीचे प्रेमदासजी सज्जन माणूस, पण तेही तापले. “आता देवी नाई, देव नाई. हे नाटक काऊन करून राह्यली?” बायका दूर सरकल्या. मनकर्णाबाईला तर मोकळं रान मिळालं. “पागल झाली! हिले पागलखान्यात धाडा!” लहानूनं बायकोला दोन दिवस गुरांच्या कोठ्यात कोंडलं.

शोभाबाईनं कॉलेजात मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचलं होतं. एकच. त्याच्या जोरावर तिनं कोठ्याचं दार उघडायला लावलं आणि पंचफुलाला समोर बसवलं.

“देवीच्या तोंडून बोलायची गरजच काय? तुझ्या तोंडानं बोल. सभा मी बोलावते.”

“माहं कोण ऐकते ताई? ते तं मरीमायचं ऐकत होते.”

“मी आहे ना.”

सभा भरली. समाजविकास गटाच्या कचेरीतले साहेबही त्याच दिवशी जीपमधून आले, कमिटीनं चुलींना होकार द्यावा म्हणून. पंचफुला उभी राहिली. केस बांधलेले, हातात डहाळा नाही. साध्या आवाजात म्हणाली, “माह्या पोरीले ताप होता. म्या सांगतलं होतं. सासूनं मले वेच्याले धाडलं.”

मनकर्णाबाई या वेळी पाया पडली नाही. “ऐका! भर सभेत सासूले खुनी म्हणते! कायचा ताप? हसत-खेळत पोर होती!”

“कोणी पाह्यलं होतं का?” प्रेमदासजींनी विचारलं. माणूस न्यायाला धरून विचारत होता.

पंचफुला वळली. “ताईनं पाह्यलं. कपायाले हात लावलता. सांगा ताई.”

सगळी सभा शोभाबाईकडे पाहू लागली. साहेबही. मनकर्णाबाईचं घर मोहल्ल्यात मानाचं. ती बिथरली तर पुढं एकही चूल बसणार नव्हती. शोभाबाई म्हणाली, “फार दिवस झाले. मला नीट आठवत नाही.”

आठवत होतं. तळहाताला अजून आठवतं.

चौथ्या दिवशी लहानूनं बायकोला हिंगणीला, तिच्या भावाकडे, कायमची पोचवायला बैलगाडी जुंपली. शोभाबाई सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. पंचफुला रडली नाही, बोललीही वेगळंच.

“दाण्याच्या ढोलीमागं पोरीचं झबलं हाये. पिवळं. बुढी मले घेऊ देत नाई. तू आणून देजो हिंगणीले.”

आजवर ताई, तुमी म्हणणारी बाई सरळ ‘तू’वर आली होती, आणि शोभाबाईला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

“आणते,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती दोनदा लहानूच्या दारावरून गेली. मनकर्णाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. “काय बाई, अजून काई आठवते का?” ती सुपावरून मान वर करून हसली. शोभाबाईनं सायकल पुढे काढली. मग चुलींची माती आली, मग साहेबांचा दौरा, मग कारंज्याला बदली. हिंगणी काही सातासमुद्रापलीकडे नव्हती. ढोलीपर्यंतची दहा पावलं मात्र तिला कधी चालता आली नाहीत.