मोकळं पाणी

दारव्ह्याजवळच्या तलावावर मी सकाळी फिरायला जायचो. तिथे जलपर्णी काढणारा एक माणूस महिनाभर रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. छातीपर्यंत येणारे रबरी बूट घालून तो पाण्यात उतरायचा आणि दाताळ्याने हिरवा थर काठाकडे ओढायचा. हातभर पाणी मोकळं झालं, की काम थांबवून त्याकडे बघत राहायचा.

एकदा मी विचारलं, "काय पाहून राह्यले भाऊ?"

"पाणी," तो म्हणाला. "वणीकडं आमच्या गावचं तळं बी असंच झाकलं हाये. माय फोनवर विचारते, आपलं कधी काढशीन? साहेबाले तीनदा म्हटलं. आमच्या तळ्याचं कामच निघत नाही."

शेवटच्या दिवशी सारा तलाव मोकळा झाला. त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याकडे धरला.

"आपलं तळं हाये का रे?" तिकडून आवाज आला.

"नाही माय. पण असंच दिसे."

"मंग धर तसाच. पाहू दे."

तो हात लांब करून उभा राहिला. मला घरी जायचं होतं, पण पाय निघेना.