वानखडेबाईंचे पत्ते

"चहा गार झालाय," एवढंच मी म्हणालो होतो. अमरावतीच्या त्या कॉलेजात गणिताचा अधिव्याख्याता म्हणून माझा तो पहिलाच दिवस. समोर बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाले कसं कळलं?"

मी गडबडलो. "म्हणजे... कपाला हात लावला."

"मंग हाताले कळलं म्हना. तोंडाले कुठं? तुमी प्यालेच नाई अजून." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून जाड कागदाचा एक चौकोनी तुकडा काढला आणि त्यावर काहीतरी टिपून घेतलं. ही बाई माझी टर उडवते आहे याबद्दल माझी खात्रीच पटली. पुण्याच्या माणसाला आपली टर उडवली जाते आहे हे फार लवकर कळतं. टिपून का घेतलं हे मात्र कळलं नाही.

वत्सलाबाई वानखडे आमच्याकडे तर्कशास्त्र शिकवत. माहेर दर्यापूरकडचं, काळ्या मातीतलं. वर्गात शिकवायच्या त्याही वऱ्हाडीतच. प्राचार्यांनी एकदा आडून आडून शुद्ध भाषेचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तर्क शुद्ध पायजे, सर. भाषा माह्या मायची हाये, ते राहू द्या." प्राचार्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांना एकच ध्यास होता. परदेशातलं एक त्रैमासिक आमच्या वाचनालयात दोन-दोन महिने उशिरा यायचं. त्यात विचार करणाऱ्या यंत्रांवर लेख असत आणि त्या अंकांची न कापलेली, जोडून आलेली पानं कॉलेजात फक्त वानखडेबाई फोडत. यंत्राला माणसासारखं ओळखता येईल का, ठरवता येईल का, आणि आलं तर माणसांचं काय होईल, हा त्यांचा अभ्यास. हे सगळं सन एकसष्ट-बासष्टच्या अमरावतीत! विजेवर चालणारी अजब वस्तू म्हणजे आमच्याकडे रेडिओ. मी एकदा हसून म्हणालोही, "पण बाई, यंत्र आहे कुठे?"

"यंत्र नाई म्हनून काय झालं? त्याले सांगायचं काय, ते तं मानसापाशीच हाये ना? ते तं गोळा करू!"

ते गोळा करायचं म्हणजे जाड कागदाच्या त्या चौकोनी पत्त्यांवर. प्रत्येक पत्त्यावर एक प्रश्न. उत्तर हो असेल तर कोणता पत्ता उचलायचा आणि नाही असेल तर कोणता, ते खाली लिहिलेलं. त्यामुळे 'वानखडेबाई फावल्या वेळात पत्ते खेळतात' अशी गावात बोलवा झाली होती. बाईंच्या कानावर ती गेली तेव्हा त्या मनापासून हसल्या.

दर रविवारी बाई बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायच्या. दुसऱ्या वर्षापासून मलाही बरोबर नेऊ लागल्या. तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गफूरभाई नावाचे कापसाचे पारखी होते. साठीला टेकलेले, अंगाने काटक. आलेल्या बैलगाडीतून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, गालाला लावायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्या शब्दावर गाडी आत जायची किंवा परत फिरायची. त्यांचा शब्द चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाई समोर बसून विचारायच्या, "कसं कळलं, गफूरभाई?"

"हाताले समजते बाई, जबानले नाई."

"मंग हाताले इचारून सांगा!"

दोन हंगाम हे चाललं. गफूरभाई कधी वैतागायचे, कधी हसायचे, पण एक एक गोष्ट निघत गेली. धागा किती ओढल्यावर तुटतो, तुटताना कानाशी काय आवाज होतो, कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस किती. ओलसर कापूस गालाला थंडा लागतो, हेही त्यातलंच. मी गणिताचा माणूस. माणसाच्या बोटांतलं ज्ञान असं एकेक धागा करून बाहेर निघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा यायचा.

पत्त्यांचा संच पुरा झाला तेव्हा परीक्षा ठरली. यंत्र नव्हतंच, म्हणून यंत्र मी झालो. मला कापसातलं ओ की ठो कळत नव्हतं, तीच माझी पात्रता. जानेवारीतली सकाळ होती. गफूरभाईंनी आधी ढीग पाहून निकाल बाईंच्या कानात सांगायचा, मग मी पत्ते वाचत वाचत माझा निकाल मोठ्याने द्यायचा. जिनिंगचे मालक शेठजी खुर्ची टाकून बसले होते. पहिले चार ढीग दोघांचे जुळले. शेठजी उठून उभे राहिले. "वा बाई! हे पत्ते मला द्या. कोणालाही बसवता येईल इथं. तुमचं संशोधन मी छापून देतो, कॉलेजात खोली बांधून देतो." गफूरभाई खाली पाहत होते.

पाचव्या ढिगाशी, आधीच्या चारांत लागला नव्हता असा एक पत्ता मी वाचला, 'गालाला थंडा लागतो का?' लागत होता. चांगलाच लागत होता. पुढचा पत्ता म्हणाला: ओला, परत पाठवा.

"मी तं चांगला म्हनलं होतं," गफूरभाई हळूच म्हणाले. त्यांनी चिमूट पुन्हा उचलली, गालाला लावली, आणि माझ्या हातातल्या पत्त्याकडे पाहिलं. मग चिमूट खाली टाकून दिली. "कागद म्हनून राहिला तं तसंच असंन. माहा हात आता म्हातारा झाला."

वानखडेबाईंचा चेहरा एवढा पांढरा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "तुमाले चांगला काहून वाटला?" त्यांनी विचारलं.

"आज हवाच थंडी हाये ना, बाई. आज सोनं बी थंडं लागंन."

"हे मले कदी सांगितलं नाई तुमी."

"ते काय सांगाची गोष्ट हाये?"

बाई शेठजींकडे वळल्या. "चूक गफूरभाईची नाई, पत्त्याची हाये. म्हंजे माही." मग पुन्हा गफूरभाईंकडे. "पत्ते तुमच्या हातचे हायेत. द्यायचे का नाई, तुमी सांगा."

मला वाटलं, ते 'नको' म्हणतील. त्यांची गादीच जात होती. ते म्हणाले, "देऊन टाका. माहे हात किती दिवसाचे? पन वर लिहून द्या का हे चुकते."

बाईंनी तिथेच बसून प्रत्येक पत्त्यावर शाईने लिहिलं: 'हे चुकू शकते. गफूरभाईला विचारा.' शेठजींनी दोन-चार पत्ते उलटसुलट पाहिले आणि परत केले. "स्वतःच चुकतो म्हणणारं यंत्र घेऊन मी काय करू?" गफूरभाई मग हात थरथरू लागेपर्यंत त्या गादीवर बसले.

बाईंनी निबंध लिहिला आणि तर्कशास्त्राच्या एका परिषदेकडे पाठवला. पहिलं नाव गफूरभाईंचं, दुसरं स्वतःचं, आणि अर्धा निबंध त्या पाचव्या ढिगावर. परिषदेकडून उत्तर आलं: फसलेला भाग गाळा आणि पहिल्या लेखकाची पदवी कळवा. बाईंनी दोन्ही केलं नाही. निबंध छापला गेला नाही. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "पाचवा ढीग काढला तं राह्यलं काय? चार ढिगाचं तं कोनी बी सांगंन."

पुढे मला मुंबईत एका संस्थेत नोकरी लागली. तिथे खरंखुरं यंत्र होतं, अख्खी खोली भरून. बाई बडनेऱ्याला पोचवायला आल्या. गाडी सुटता सुटता म्हणाल्या, "यंत्र चुकते का, ते पाहाले लय जन भेटतीन. तुमी मानसाकडं पाहा. तो कागद पाहून आपली चिमूट टाकून देऊन राहिला का, तेवढं पाहात जा."

पहिलं वर्षभर मी पाहिलं. मग तक्ते वाढले, साहेबी वाढली, आणि विसरलो.

तीन वर्षांनी बाई गेल्याची तार आली ती दुपारची. ती हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आमचे एक कारकून पाऊसपाण्याचा तक्ता घेऊन आले. "साहेब, त्या आठवड्यात आमच्या गावाला पाऊस झालाच नाही, असं यंत्र म्हणतंय. मी तेव्हा गावीच होतो, भिजलो होतो. पण यंत्र म्हणतंय म्हणजे माझाच काहीतरी घोटाळा असणार. सही करता?"

मी सवयीने सही केली. ते दारापर्यंत गेले. तेव्हा कुठे मी त्यांना हाक मारली, तक्ता मागून घेतला, आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.

"बसा," मी म्हणालो. "कुठे भिजलात, कसे भिजलात, सगळं सांगा."