अप्पांच्या भिंगात न मावलेले मामा

एकचार अप्पा आयुष्यात जेवढे पुढे चालले, त्याच्या दुप्पट मागे चालले. भोकरदनच्या बसस्टँडसमोर पत्र्याच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचे फोटो म्हटले की आसपासच्या गावांत त्यांचंच नाव निघे. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स एकच, आणि हट्टी. लांबचं जवळ आणणं, जवळचं लांब करणं तिच्या रक्तात नव्हतं. नवरा-नवरी दोघं चौकटीत बसवायची तर अप्पांनाच मागे सरकावं लागे. डोळा कॅमेऱ्याला, पाय उलटे. असे सरकत सरकत ते दोन विहिरींत, एका चुलाणात आणि एका झोपलेल्या म्हशीवर पडलेले होते. एकदा तर एका मांडवातून उलटे निघाले ते शेजारच्या मांडवात शिरले, मान वर न करता तिथल्या नवरदेवाचे फोटो काढले आणि पंगतीत जेवून परत आले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मला सांगणारा त्या म्हशीचा मालक होता, आणि म्हशीचा मालक कशाला खोटं बोलेल?

'एकचार' हे नाव लेन्सवरच्या आकड्यामुळे पडलं. एक पॉइंट चार. "आकडा जितका बारका, तितका भिंगाचा डोळा मोठा," अप्पा समजावून सांगत. "दुसऱ्याचं भिंग कोंबडीवानी बघतंय, माझं घुबडावानी." हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी ती जपानी लेन्स आणली होती आणि एसटीत स्वतः उभे राहून तिला सीटवर बसवून आणली होती. फ्लॅशचा त्यांना मनस्वी तिटकारा. "नवरी काय चोर हाय का, तोंडावर बत्ती मारायला?" मांडवाच्या कापडातून झिरपेल तेवढा उजेड त्यांना पुरे. त्या उजेडात काढलेल्या फोटोत नवरीच्या पापण्या मोजता येत. आमच्या आत्याने एकीच्या मोजल्या होत्या. डावीकडे दोन कमी भरल्या.

पण या डोळ्याला पुढे एक दुखणं जडलं. एका लग्नात अप्पा मागे सरकता सरकता आचाऱ्याला धडकले आणि लेन्स निघून बुंदीच्या पाकात पडली. झाऱ्याने काढली, धुतली, पुसली. काच लखलखीत निघाली. पण आत ज्या बारीक पाकळ्या असतात, ज्या मिटवून डोळा लहान करायचा असतो, त्या पाकाने उघड्याच्या उघड्या चिकटल्या. तेव्हापासून तो डोळा सताड उघडा. आणि असा डोळा ज्याच्यावर नेम धरील तेवढंच साफ दाखवतो. हातभर पुढचं आणि हातभर मागचं सगळं धुक्यात. दुसरा कुणी कपाळ बडवून बसला असता. अप्पांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. "लगीन दोघाचं असतंय. बाकीची निस्ती गर्दी. गर्दी साफ दिसून काय लोणचं घालायचंय?"

हे तत्त्वज्ञान भोवलं माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला.

तेव्हा मी भोकरदनला शाळेत मास्तर होतो. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. शांताला वाटूरला दिली. वडील म्हणत होते, जालन्याहून फ्लॅशची चमकी मारणारा फोटोवाला आणू. मीच छाती काढून म्हणालो, "अप्पांशिवाय लग्न नाही." वैशाखात लग्न झालं, फोटो वाटूरला पोचले आणि श्रावणात पंचमीसाठी मी मुराळी होऊन बहिणीला आणायला गेलो. शांता लग्नानंतर एकदाही माहेरी आलेली नव्हती. मी ओसरीवर टेकतो तोच दाराआड तिची ट्रंक दिसली. बांधून, वर चपला ठेवून तयार.

दाजींचे वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे त्या घरात शब्द चाले तो दाजींच्या मामांचा. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याच हाताने फोटोंचा अल्बम.

"गुरुजी, ह्यात मी कुठं हाय, दावा."

मी नवरा-नवरीच्या मागच्या एका आकृतीवर बोट ठेवलं. "हे काय, तुम्हीच की."

"ह्ये? ह्ये तर भाताची वाफ हाय!"

खरंच, वाफच होती. खाली धोतराचा भास होता एवढंच.

"आता नीट ऐका," मामा म्हणाले. "जो फोटूत न्हाई तो लग्नात न्हाई. मी लग्नात न्हाई, म्हंजे लगीन माझ्या माघारी झालं. मंग माझ्या माघारी आलेल्या सुनंला मी कोणत्या तोंडानं माहेरी धाडू? सांगा, शिकलेले हाव ना तुम्ही?"

मी बी.एड. होतो, पण याचं उत्तर तिथे शिकवत नव्हते. दाजी खांबाला टेकून नखं बघत होते. दाराआड शांताने ट्रंकेवरच्या चपला उचलल्या आणि परत कोनाड्यात ठेवल्या. तो आवाज मला लग्नातल्या बँडपेक्षा मोठा ऐकू आला.

मी तसाच उलट्या पावली भोकरदनला. अप्पा अंधारखोलीत होते. सगळं ऐकून बाहेर आले, ओले हात धोतराला पुसले.

"वाफ म्हणला?"

"वाफ."

"भाताची?"

"भाताची."

अप्पांनी खुंटीवरचा कॅमेरा गळ्यात अडकवला. "पोरीची पंचमी कवा हाय?"

"परवा."

"मंग उद्या लगीन लावू. फोटूपुरतं."

दुसऱ्या दिवशी भर श्रावणात वाटूरला शांताचं लग्न दुसऱ्यांदा उभं राहिलं. मुंडावळ्या निघाल्या, शालू निघाला, आणि वाजंत्रीशिवाय चेहऱ्यावर लग्नाची कळा येत नाही असं मामांचं मत पडल्यामुळे सनईवालाही आला. आता आली पंचाईत. मामा साफ येणार हे कळताच दाजींची आत्या म्हणाली, "मंग मी काय पाप केलंय? माझी पाटली कुठं हाय त्या फोटूत?" चुलता म्हणाला, "माझी तर निस्ती काठी आली." बघता बघता साफ येऊ इच्छिणारे बारा जण जमले, आणि बाराही जणांना बाकीच्यांच्या पुढे उभं राहायचं होतं.

अप्पांनी बैलाचा कासरा मागितला. अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला एक टोक बांधलं, दुसरं गोठ्याच्या खांबाला, डोळ्यांच्या उंचीवर, तारेसारखं ताठ. "सगळे ह्याला डोळे लावा. नाक कासऱ्याखालून जाऊ द्या." बुटक्या आत्याला पाटावर चढवलं, उंच चुलत्याला गुडघ्यात वाकवलं.

मामा कुरकुरले, "मी एक पाऊल फुडं ऱ्हातो. मान हाय माझा."

"ऱ्हा की. फुडं आला तरी वाफ, मागं गेला तरी वाफ. कासऱ्यावर हाय तोवरच माणूस."

मामा गपकन जागेवर गेले. कोण पुढे, कोण मागे यावरून त्या घरात पिढ्यान् पिढ्या डोकी फुटली होती. त्या दिवशी बाराच्या बारा जण एका दोरीला नाकं लोंबवून मुकाट उभे राहिले. वर आभाळही भरून आलं होतं, अप्पांना हवं तसं.

मग नवरा-नवरीचे पाट मांडले, रांगेच्या चार हात पुढे, कारण नवरा-नवरी पुढेच बसतात. अप्पा मुंडावळ्या सारख्या करायच्या निमित्ताने शांतापाशी वाकले. मी शेजारीच होतो.

"पोरी, मागचे साफ आले की तुम्ही दोघं धूर होणार. ह्या भिंगाला दोन्ही जमत न्हाई. मी आजवर नवरीला धूर केलेलं न्हाई. काय करू, तूच सांग."

शांताने मान वर केली नाही. "मला धूर करा अप्पा. पण आजची एसटी चुकवू नका."

"माझं बी चालतंय," दाजी हळूच म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

अप्पांनी कासरा तेवढा सोडवला आणि खटका दाबला. पण मामा कच्चे नव्हते. "साफ आलो कशावरून? धुऊन कागदावर येईस्तोवर सून हलणार न्हाई."

"मंग या, भिंगातून बघा."

मामा रांगेतून निघाले, कॅमेऱ्यापाशी आले, एक डोळा मिटून त्यांनी स्वतःच्या रिकाम्या जागेकडे मन लावून पाहिलं.

"बिलकुल बराबर," ते म्हणाले. "जागा एकदम साफ दिसून राह्यली."

कोनाड्यातल्या चपला कधी पायात गेल्या ते कुणाला कळलंही नाही. फाट्यापर्यंत बैलगाडी होती. शांता मागे ट्रंकेवर बसली, तोंड माहेराकडे. अप्पा गाडीवानाशेजारी, अर्थातच उलटे. रोलमध्ये एक फोटो उरला होता. गाडी हलली, सासरची मंडळी दारात निरोपाला उभी राहिली, मामांनी पांढराशुभ्र फेटा सावरून दोन्ही हात वर केले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा शांता खळखळून हसली. अप्पांनी नेम धरला तो तिच्या डोळ्यांवर.

पहिला फोटो वाटूरच्या ओसरीवर चढला. बारा जण डोळे वटारून रांगेत, आणि पुढे दोन पाटांवर धुराचे दोन लोट. मामा आल्यागेल्याला दाखवत, "ह्यो मी." ते दोन लोट कुणाचे, हे कुणी कधी विचारलं नाही. दुसरा फोटो अप्पांनी गुपचूप माझ्या आईच्या हातात दिला. "त्यो तिकडचा मानाचा," म्हणाले. "लग्नाचा फोटू ह्यो."

काही वर्षांनी अप्पा झोपेतच गेले. तेराव्याला मामा वाटूरहून मुद्दाम आले. "मला जिंदगीत साफ बघितलेला एकच माणूस व्हता," असं म्हणत चारचौघांत रडले. परतताना आमच्याकडे पाणी प्यायला थांबले आणि भिंतीवरच्या शांताच्या फोटोपुढे खिळून उभे राहिले. पापणी न् पापणी मोजावी असं तिचं हसू, आणि खांद्यामागे एक भलामोठा पांढरा गोळा.

"इहीणबाई, ह्ये मागं काय हाय हो पांढरं?"

आईने तांब्या खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"श्रावण होता ना, मामा. ढग हाय."

मामांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं.

"काय ढग पकडलाय," ते डोक्यावरचा पांढरा फेटा सावरत म्हणाले. "असा रुबाबदार ढग म्या जिंदगीत बघितला न्हाई."