हिंगुळाचं झाकण

दौलू मिस्त्री गेल्याचा निरोप मिरजेहून आला तेव्हा मी गाडीच्या टाकीत डिझेल ओतत होतो. "छातीत कळ आली, इंजनापाशी बसला त्यो उठलाच न्हाई," निरोप्या म्हणाला. त्याला आता दीड महिना झाला. एवढा गुणी हात मळ्यांतल्या पाण्याच्या इंजिनांवर झिजून गेला, आणि त्याला कारण मी आहे. आई होती तोवर तोंड उघडता येत नव्हतं. ती गेल्यावरही वर्षभर उघडलं नाही, त्याला मात्र भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही.

लढाईत दौलू लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचा. लढाई संपली तशी माझ्या वडिलांनी, आबांनी, बैलजोडी विकून लष्कराच्या लिलावातली एक जुनी डिझेल गाडी घेतली. चारही चाकं ओढणारी. आमचं गाव पाटणच्या वर डोंगरात, घाट चढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, हिरड्याची पोती न्यायला तीच बरी. गाडीपाठोपाठ दौलू आला आणि घरचाच झाला, आईला काकी म्हणायला लागला. मला गाडी त्यानेच शिकवली. "सदा, गेर टाकतोस का म्हशीला दावं लावतोस रं?" म्हणायचा.

त्या वर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, दावण रिकामी होती. आई सकाळपासून तिथेच घोटाळत होती. दुपारी बैलांच्या शिंगांना लावायच्या हिंगुळाची वाटी घेऊन ती अंगणात आली आणि गाडीच्या नाकावरचं पाण्याचं झाकण नि टाकीचं डिझेलचं झाकण, दोन्ही तिने लालभडक रंगवली. वर दुसरा हात दिला. "शिंगं नगोत व्हय तिला?" म्हणाली. आम्ही हसलो. आबाही हसले.

चार दिवसांनी गाडी घाटात ओढेना. सपाटीला झकास चालायची, पण चढाला निम्म्यात दम टाकायची. दौलूने गाळणी धुतली, नळ्यांचे सांधे आवळले. "काळा धूर न्हाई, म्हंजी त्याल कमी पोचतंय. पर अडतंय कुठं?" हा शोध चालू असतानाच आबांच्या आतड्याला पीळ पडला. वैद्य म्हणाले, मिरजेला न्या. दुसरी गाडी नव्हती. घाटात ती पाच वेळा थांबली. दर वेळी दौलू उतरून नळीतली हवा काढायचा, थोड्या वेळाने ती पुन्हा धरायची, पुढच्या वळणावर पुन्हा सोडायची. आबा मागे पोत्यांवर आडवे. आधी कण्हत होते, मग तेही थांबलं... मिरजेचे डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं.

तेरावा झाला आणि दौलू मला गाडीसकट घाटात घेऊन गेला. गाडीने दम टाकला तसा तो उतरला आणि टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. "चढीव आता." गाडी थेट माथ्यावर गेली. त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. डिझेल जाईल तशी हवा तिथून आत यायला हवी. सपाटीला इंजिन थोडकं पितं, निभून जातं. चढाला घटाघटा प्यायला लागलं की टाकी कोंडते. भोकावर हिंगूळ वाळून दगड झाला होता.

"काकीला कळता कामा न्हाई," दौलू म्हणाला. "जगायची न्हाई ती."

"मग गावाला काय सांगायचं?"

"मिस्त्रीनं हयगय केली, म्हनायचं. आन् ते काय निव्वळ खोटं न्हाई. त्या दिशी झाकण बघायचं मला सुचलं न्हाई."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुढे कराडपासून फलटणपर्यंत कुणी त्याच्या हाती गाडी देईना, तेव्हा तो बायकोला घेऊन मिरजेकडे गेला.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने त्याला बोलावून घेतलं. "दौल्या, तुज्यापायी धनी गेलं माजं. लय शिव्याशाप दिले तुला. आता मनात काय न्हाई. माफ केलं." त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "व्हय काकी," म्हणाला, "उपकार झाले." मी दारात उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना तो एवढंच म्हणाला, "काकी गेल्यावर एकदा सांग मात्र रं, आमच्या घरात तरी. मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई." सांगतो म्हटलं... आणि आज जातो, उद्या जातो, करत बसलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या खोलीवर गेलो. खुंटीला त्याची टोपी होती, घडीत एक टाचणी खोवलेली. त्याची बायको म्हणाली, "कुनाची बी गाडी दिसली की ह्या टाचणीनं झाकण टोचून बघायचे. कशापायी, कवा बोलले न्हाईत." मग मी बोललो. बेंदरापासून सगळं.

"तुमी हयगय केली, मी बी रोज त्येच बोलून दावायची त्यास्नी," ती म्हणाली. "गेले त्या दिशी सकाळी सुदिक."

तिने टोपी खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेऊन बसली.